पाटी कोणाच्या नावावर?

दुकानांच्या पाट्यांसाठी आम्ही सीमाभागात उभा जन्म भांडलो. इंटरनेटवरही पाटी असते, हे मात्र आम्हांस इंदूरला लालबागेजवळ उमगले. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलने भरवलेले हे शहर. मराठी घराघरांत आहे, बाजारात मात्र शोधावी लागते.

तिथे आमच्या वहिनी भाजणी, मेतकूट विकतात. परगावच्या गिऱ्हाइकांसाठी वेबसाइट काढायचे ठरले. करून देणारा म्हणाला, "मराठी कशाला? हिंदी-इंग्रजी पुरे." वर 'मेतकूट'चे 'मेटकुट' केले. वहिनी मेटाकुटीला आल्या!

वेबसाइटचे नाव म्हणजे पाटी, होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. दोहोंचे पैसे मुदतीगणिक भरावे लागतात. गाळा बदलता येतो. पाटी गेली तर गिऱ्हाईक जाते. देवनागरीत '.भारत' हे नाव २०१४ पासून मिळते. परंतु असा ईमेल-पत्ता अजून सगळीकडे चालत नाही, म्हणून रोमन नावही घेतले. दोन्ही नावे एकाच पानावर नेतात.

कागद पाहिले तर दोन्ही नावांची नोंद त्या गृहस्थाच्याच नावे, ईमेलही त्याचाच! उद्या बिनसले असते तर वहिनींच्या हाती काय राहिले असते? नोंद फिरवून घेण्यास तीन हेलपाटे पडले. आता पान उघडले की प्रथम मराठी दिसते. हिंदीचे बटण वर, कोपऱ्यात आहे.