अर्जावरची तारीख आपोआप बदलते तेव्हा

तालुक्याच्या कोणत्याही गावी तहसील कचेरीजवळ गेले की झेरॉक्सची आणि टायपिंगची दुकाने दिसतात. आपले उदगीरही त्याला अपवाद नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मुलांची शिष्यवृत्ती, घरकुल, म्हाताऱ्या माणसांचा निराधार पगार, वीजबिलाची तक्रार, माहितीच्या अधिकारातला अर्ज, असा कष्टकरी माणसाचा सरकारशी होणारा बहुतेक व्यवहार या दुकानातून निघालेल्या कागदावरच होतो. पूर्वी अर्ज हाताने लिहून मिळायचा. पुढे टाइपरायटर आला आणि आता कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटरने काम हलके केले यात शंका नाही. पण त्याची एक छोटीशी सोय आपल्या माणसांना महागात पडू शकते, आणि ती इतकी छोटी आहे की तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ही सोय म्हणजे आपोआप बदलणारी तारीख.

वर्ड या प्रोग्रॅममध्ये ‘इन्सर्ट’ मध्ये जाऊन ‘डेट अँड टाइम’ वर क्लिक केले की तारखांची यादी उघडते. त्या यादीजवळ ‘अपडेट ऑटोमॅटिकली’ असे लिहिलेला एक चौकोन असतो. त्यात खूण असेल तर कागदावर तारीख टाइप होत नाही. तिथे एक हुकूम बसतो, ‘आज जी तारीख असेल ती दाखव’ असा. आज ५ जून असेल तर ५ जून दिसते. दोन महिन्यांनी तीच फाइल उघडली किंवा तिची प्रिंट काढली की त्या दिवशीची तारीख दिसते. ऑल्ट, शिफ्ट आणि डी या तीन कळा एकदम दाबून तारीख टाकण्याची सवय अनेक टायपिस्टांना असते. त्या कळांनीही हीच बदलती तारीख पडते. चूक कुणी मुद्दाम केलेली नसते, पण कागद खोटा बोलू लागतो.

यात बिघडले कुठे? समजा, एका बाईचा निराधार पगार बंद झाला. का बंद झाला हे विचारण्यासाठी तिने ५ जूनला माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. २००५ च्या कायद्याप्रमाणे माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. उत्तर आले नाही तर मुदत संपल्यापासून पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करायचे असते. बाईजवळची प्रत घर शाकारताना भिजून गेली. मुलगा २० जुलैला टायपिंगच्या दुकानात गेला. दुकानदाराने जुनी फाइल उघडली, प्रिंट काढली, आणि मुलाने ती अपिलाला जोडली. आता अर्जावर तारीख आहे २० जुलै आणि अपिलावरही २० जुलै. समोरचा साहेब म्हणणार, ‘अर्ज आजचा, मग अपील कशाचे? तीस दिवस थांबा.’ ऑफिसच्या आवक नोंदवहीत खरी तारीख असते, हे खरे. पण ती वही काढून बघा असे साहेबाला ठासून सांगणे प्रत्येकाला जमत नाही. बाईचे पुन्हा हेलपाटे, पुन्हा रोजगार बुडणार. आणि कुणी कुत्सितपणे ‘तारखेत हेराफेरी केली का?’ असे विचारले, तर तोही डाग तिच्याच माथी.

हीच गोष्ट संस्थेच्या कागदांची. पुष्कळ ठिकाणी विहाराच्या किंवा मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त आता एखादी शिकलेली मुलगी कॉम्प्युटरवर टाइप करते. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण नोंदणीकृत विश्वस्त संस्थेत विश्वस्त बदलले तर त्या बदलाचा अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. हे दिवस बदल झाला त्या तारखेपासून मोजतात. ठरावाच्या प्रिंटवर बैठकीची तारीख एक आणि नोंदवहीत दुसरी आली, तर वाद घालणाऱ्याला आयतेच निमित्त मिळते. चांगल्या चाललेल्या कमिटीत दोन तट पडायला एवढे पुरते.

आपल्या भागात तारखेचे मोल

उदगीरच्या माणसाला तर तारखेचे मोल वेगळे सांगायला नको. आपला तालुका निजामाच्या हैदराबाद राज्यात बिदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा तो उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यात आला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि आपण लातूरकर झालो. घर तेच, शेत तेच, पण आजोबांच्या कागदावर जिल्हा बिदर, बापाच्या कागदावर उस्मानाबाद आणि मुलाच्या कागदावर लातूर! जुनी नोंद शोधायची तर आधी कागदाची तारीख बघावी लागते. तारीख कळली की त्या वेळी आपला गाव कोणत्या जिल्ह्यात होता ते कळते आणि शोध कुठून सुरू करायचा तेही कळते.

निजामकाळातले कित्येक कागद उर्दूत आहेत आणि त्यांवर सन फसली आहे. त्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतो, कारण हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचे. म्हणजे फसली १३५० चा कागद १९४० ते ४१ चा. असे कागद जपणाऱ्या घरांना त्यांची किंमत ठाऊक आहे. १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. म्हणून जात पडताळणीत त्या तारखेच्या आधीचा पुरावा मागतात. १९९० मध्ये त्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला, तरी पुराव्याची तारीख तीच राहिली. पणजोबांच्या नावाची शाळेतली एक ओळ मुलीच्या मेडिकलच्या जागेला आधार देते, ती कशाच्या बळावर? त्या ओळीपुढे कारकुनाने शाईने लिहिलेली तारीख सत्तर-ऐंशी वर्षांत हलली नाही, याच बळावर.

आपल्या घरात संविधानाची उद्देशिका लावलेली असते. तिच्यात २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख आहे. उद्देशिका तेव्हापासून लाखो वेळा छापली गेली. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने तिच्यात नवे शब्दही घातले गेले. पण तारीख तीच आहे. छापणाऱ्याने छापण्याच्या दिवसाची तारीख तिथे घातली असती तर? लोकांनी संविधान कधी स्वीकारले हेच त्या कागदावरून कळले नसते. आपला अर्ज लहान असेल, पण नियम तोच आहे. कागद ज्या दिवशी केला, त्याच दिवसाची तारीख त्यावर राहिली पाहिजे.

ओळखायचे कसे, थांबवायचे कसे

तारखेवर माउसने एकदा क्लिक करा. ती राखाडी पट्ट्यात उजळली तर ती आपोआप बदलणारी आहे, असा संशय घ्या. खात्रीसाठी ऑल्ट आणि एफ-९ या कळा एकदम दाबा. तारखेच्या जागी महिरपी कंसात ‘डेट’ हा इंग्रजी शब्द दिसला तर संशय खरा ठरला. पुन्हा त्याच कळा दाबल्या की तारीख परत दिसते.

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे तारीख हाताने टाइप करणे. दहा अक्षरे टाइप करायला कितीसा वेळ लागतो? यादीतूनच टाकायची असेल तर ‘अपडेट ऑटोमॅटिकली’ ची खूण आधी काढावी. तारीख टाकून झाली असेल तर तिच्यावर क्लिक करून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-९ एकदम दाबावे. त्याने तारीख साधा मजकूर होते आणि मग हलत नाही. मात्र इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. या कळा दाबताना जी तारीख दिसत असते तीच कायम होते. महिन्याभरापूर्वीच्या अर्जावर आज हा उपाय केला तर आजचीच तारीख पक्की होईल. म्हणून आधी पोच मिळालेली जुनी प्रत बघावी आणि खरी तारीख हाताने टाइप करावी. बदलत्या तारखेच्या फाइलमध्ये अर्जाची मूळ तारीख कुठे जपून ठेवलेली नसते.

लिब्रे-ऑफिस वापरणाऱ्यांनी ‘डेट’ ऐवजी ‘डेट फिक्स्ड’ निवडावे. वर्गणीचा किंवा जयंतीच्या खर्चाचा हिशेब एक्सेलवर ठेवणाऱ्यांनीही सावध राहावे. तिथे ‘टुडे’ चे सूत्र घातले की ते रोज बदलते आणि एप्रिलमधली पावती जूनमधली दिसू लागते. एक्सेलमध्ये कंट्रोल दाबून अर्धविरामाची कळ दाबली की आजची तारीख कायमची पडते.

अर्ज पूर्ण झाला की त्याची पीडीएफ करून घ्यावी. पीडीएफमधली ही तारीख पुढे बदलत नाही. ती पीडीएफ घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवून ठेवावी. पुन्हा प्रत लागली तर वर्डची फाइल न उघडता तिचीच प्रिंट काढावी.

कॉम्प्युटरचे घड्याळ चुकले तर

ही आपोआप पडणारी तारीख कॉम्प्युटरच्या घड्याळावरून येते. ते घड्याळ आत बसवलेल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. बॅटरी संपली आणि वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाऊन बसते. इंटरनेट असेल तर ते पुन्हा बरोबर होऊ शकते, नसेल तर अर्जावर भलतेच वर्ष उमटते. शिवाय काही कॉम्प्युटरवर अमेरिकी पद्धत ठेवलेली असते. तिच्यात महिना आधी आणि दिवस नंतर येतो. आपल्याला जी ५ एप्रिल वाटते ती तिथे ४ मे असते. म्हणून महिना आकड्यात न लिहिता अक्षरात लिहावा, ‘५ एप्रिल’ असा. मग घोटाळ्याला जागा राहत नाही.

मग ही सोय वाईटच का?

तसे मुळीच नाही. रोज एकाच नमुन्याचे पत्र काढून त्याच दिवशी पाठवायचे असेल तर बदलती तारीख उपयोगी पडते. दुकानदाराने कोऱ्या नमुन्यात ती ठेवायला हरकत नाही. पण नमुन्यातून एखाद्याचा अर्ज तयार झाला की त्याच क्षणी तारीख पक्की केली पाहिजे. सोय दुकानदाराची आणि भुर्दंड अर्जदाराला, असे होता कामा नये.

आणि कॉम्प्युटर कितीही आले तरी खरी राखण पोचेची. अर्ज दोन प्रतींत करा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सेवा हमीच्या २०१५ च्या कायद्याखालची सेवा असेल तर अर्ज क्रमांक असलेली पावती मिळायला हवी, कारण मुदत पूर्ण अर्ज दिल्यापासून मोजली जाते. छापील तारीख चुकली असेल तर पांढरा रंग लावून झाकू नका. एक रेघ मारा, शेजारी खरी तारीख लिहा आणि तिथे सही करा. झाकलेल्या आकड्यापेक्षा उघड केलेली दुरुस्ती बरी.

आपल्या घरातली कितीतरी मुले-मुली टायपिंगची परीक्षा देतात, सेवा केंद्रावर बसतात, वकिलाकडे टायपिस्ट म्हणून राहतात. हे पान त्यांना वाचायला द्यावे. आणि ज्या आयाबाया, म्हातारी माणसे स्वतः कॉम्प्युटर वापरत नाहीत, त्यांनी दुकानात एवढेच म्हणावे, ‘बाळा, तारीख हाताने टाक आणि मला पीडीएफ पाठव.’ त्याला काय करायचे ते कळेल.