गोव्यातील बंद घरे आणि परदेशातील वारसदार

सासष्टी, बार्देश आणि तिसवाडी या गोव्यातील तालुक्यांमध्ये वर्षानुवर्षे कुलूप असलेली जुनी घरे गावोगावी दिसतात. घराचे मूळ मालक हयात नसतात. मुले-नातवंडे लिस्बन, स्विंडन, कुवेत किंवा टोरांटो येथे स्थायिक झालेली असतात. कायद्याच्या दृष्टीने ही मुलेच आज घराची मालक आहेत, कारण आई किंवा वडिलांचे निधन झाले त्या क्षणीच वारसा खुला झाला. सरकारी दप्तरात मात्र अजूनही आजोबांचेच नाव असते. हक्क आणि नोंद यांच्यातील हे अंतर किती महाग पडू शकते, हे गेल्या काही वर्षांत दिसून आले आहे.

गोवा सरकारने जून २०२२ मध्ये जमीन बळकावण्याच्या प्रकरणांच्या तपासासाठी पोलिसांचे विशेष तपास पथक नेमले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग नियुक्त करण्यात आला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने अहवाल सादर केला. या प्रकरणांची पद्धत बरीचशी सारखी होती. ज्यांचे मालक मृत किंवा परदेशात आहेत आणि ज्यांच्याकडे कोणी फिरकत नाही, अशा मालमत्ता हेरायच्या, जुन्या पोर्तुगीजकालीन दस्तऐवजांच्या बनावट प्रती तयार करायच्या आणि त्यांच्या आधारे विक्रीखते नोंदवायची. परदेशातील वारसदारांसाठी वारसाची नोंद ही केवळ कागदी औपचारिकता राहिलेली नाही, ती या कारणामुळे.

लागू होणारा कायदा कोणता?

स्थावर मालमत्ता ज्या देशात, त्या देशाचा वारसा कायदा, हे तत्त्व सर्वसाधारणपणे मान्य आहे. वारसदार ब्रिटनचा रहिवासी असो वा पोर्तुगालचा नागरिक, मडगावच्या घराचा वारसा भारतात लागू असलेल्या कायद्यानेच ठरतो. गोव्याच्या बाबतीत हा कायदा उर्वरित भारतापेक्षा वेगळा आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने पूर्वीचे कायदे चालू ठेवले. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता स्वीकारली, त्यामुळे लिस्बनमध्ये इतिहासजमा झालेला कायदा पणजीच्या न्यायालयांत मात्र चालत राहिला. वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी यांविषयीच्या तरतुदी आता गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात आल्या असून तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. हिंदू, ख्रिस्ती आणि मुस्लिम अशा सर्व गोमंतकीयांना वारशाची ही समान चौकट लागू होते.

या चौकटीचा पाया म्हणजे पती-पत्नीची सामाईक मालकी. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर दोघांची सर्व मालमत्ता, वारशाने आलेली मालमत्ताही, निम्मी-निम्मी दोघांची असते. उदाहरणार्थ, वडिलांचे निधन झाले आणि मागे आई व चार मुले राहिली, तर घराचा अर्धा हिस्सा आईचा आहेच. तो तिला वारशाने मिळत नाही, तो पूर्वीपासून तिचाच असतो. उरलेला अर्धा चार मुलांत विभागला जातो आणि प्रत्येकाला संपूर्ण घराचा आठवा हिस्सा मिळतो. मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. मुलगी लग्न होऊन परदेशात गेली, म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही.

मृत्युपत्र केले असले तरी वडिलांना आपल्या अर्ध्या हिश्श्यापैकी केवळ निम्म्याची मनाजोगी वाटणी करता येते. बाकीचे निम्मे मुलांसाठी राखीव असते. वरील उदाहरणात वडिलांनी सारे काही गावात राहिलेल्या एकाच मुलाच्या नावे लिहिले, तरी परदेशातील प्रत्येक भावंडाचा घरातील सोळावा हिस्सा कायम राहतो. कायद्यात नमूद केलेल्या विशिष्ट कारणांशिवाय मुलांना वारशातून वगळता येत नाही. 'वडिलांनी मृत्युपत्र केले, आता आपला काही संबंध उरला नाही' असे समजून परदेशातील भावंडे गप्प बसतात. हा गैरसमज फार जुना आहे.

सामाईक मालकीचा आणखी एक परिणाम परदेशातील कुटुंबांच्या सहसा लक्षात येत नाही. गोव्याच्या कायद्यानुसार विवाह झालेल्या वारसदाराच्या हिश्श्यात त्याच्या जोडीदाराचाही भाग असतो. परिणामी घर विकताना चार भावंडांच्या सह्या पुरत नाहीत, सुना आणि जावई यांच्याही सह्या लागतात. तीन पिढ्यांत नोंद झाली नसेल तर सह्या करणाऱ्यांची संख्या चाळीस-पन्नासवर सहज जाते आणि त्यांतले निम्मे लोक एकमेकांना ओळखतही नसतात.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिलेल्या एका निकालाने या कायद्याची व्याप्ती अधिक स्पष्ट झाली. गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीची मालमत्ता भारतात गोव्याबाहेर असली, तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागू होईल, असे न्यायालयाने म्हटले. तो वाद मुंबईतील मालमत्तेचा होता. मुंबईत घर घेतलेल्या असंख्य गोमंतकीय कुटुंबांना हा निकाल थेट लागू पडतो.

वारसा सिद्ध कसा होतो?

गोव्यात यासाठी दोन पायऱ्या आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिली पायरी वारस-दस्ताची. उपनिबंधक हेच विशेष नोटरी म्हणून काम पाहतात आणि त्यांच्यापुढे मृताचे वारसदार कोण, याची घोषणा नोंदवली जाते. त्याची सूचना गोव्याच्या शासकीय राजपत्रात प्रसिद्ध होते. या दस्ताने वारसदार कोण हे ठरते, पण कोणाच्या वाट्याला काय, हे ठरत नाही.

वाटणी एकमताने होत नसेल तर दुसरी पायरी, म्हणजे दिवाणी न्यायालयातील इन्व्हेंटरी. न्यायालय एका वारसदाराला मालमत्तेचा प्रमुख नेमते. 'काबेसा द काझाल' ही पोर्तुगीज संज्ञा त्याच्यासाठी आजही वापरात आहे. तो सर्व मालमत्तेची आणि वारसदारांची यादी देतो, सर्वांना नोटिसा जातात, मालमत्तेचे मूल्यांकन होते. मग वारसदारांमध्येच बोली लावली जाते. घर ज्याला हवे तो सर्वांत मोठी बोली लावून ते घेतो आणि इतरांना त्यांच्या हिश्श्याची रक्कम देतो. घराचे तुकडे न करता वाटणी करण्याची ही रीत व्यवहार्य आहे. मात्र परदेशातील वारसदारांना नोटीस पोहोचण्यातच महिने जातात. पत्ता चुकीचा दिला गेला, तर पूर्ण झालेल्या वाटणीवरही पुढे वाद उभा राहू शकतो.

वाटणी होईपर्यंत प्रत्येकाचा हक्क अविभक्त असतो. 'समुद्राकडची खोली माझी' असे म्हणून ती वेगळी विकता येत नाही. हिस्सा नको असल्यास वारसाहक्क सोडता येतो, पण त्यासाठी रीतसर दस्त लागतो. भावाला पाठवलेल्या साध्या पत्राला किंवा ई-मेलला त्या बाबतीत किंमत नाही.

नावांचा घोळ ही गोव्याची खास अडचण आहे. पोर्तुगीज दप्तरात कामत हे 'कामोतीं', प्रभू हे 'पोरोबो', तर शेणवी हे 'सिनाय' म्हणून नोंदले गेले. नातवाच्या पारपत्रावर आडनाव एका प्रकारे, आजोबांच्या नोंदीत दुसऱ्या प्रकारे आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसऱ्याच प्रकारे, असे वारंवार आढळते. ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे जन्म-विवाहाच्या जुन्या नोंदींवरून आणि प्रतिज्ञापत्राने दाखवून द्यावे लागते.

जमिनीच्या नोंदींचेही दोन थर आहेत. पोर्तुगीजकालीन भूनोंदणी पुस्तकांत मालमत्तेचे वर्णन आणि मालकाचे नाव असते. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर झालेल्या मोजणीतून ग्रामीण भागासाठी 'फॉर्म एक व चौदा' आला. महाराष्ट्रातील सात-बाराचा हा गोमंतकीय भाऊबंद म्हणता येईल. त्यावरील नाव महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. दोन्ही दप्तरे ताडून पाहिल्याशिवाय मालकीचे चित्र पूर्ण होत नाही.

मुखत्यारपत्राची जोखीम

प्रत्येक तारखेला विमानाने येणे शक्य नसल्याने परदेशातील वारसदार गोव्यातील नातलगाला किंवा वकिलाला मुखत्यारपत्र देतात. ते परदेशातील भारतीय वकिलातीत किंवा तेथील नोटरीपुढे करता येते. भारत २००५ मध्ये हेग येथील अपोस्टिल करारात सहभागी झाला, त्यामुळे करारातील देशांत नोटरीपुढे केलेल्या कागदाला तेथील सरकारचे अपोस्टिल प्रमाणपत्र जोडले की पुरते. मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

या कागदाचा मजकूर घरातील माणसाच्या विश्वासावर सोडू नये, असे जाणकार सांगतात ते उगीच नव्हे. फेरफार नोंद, न्यायालयातील हजेरी, घरपट्टी भरणे एवढ्यापुरता अधिकार देणे वेगळे आणि विक्रीचा सरसकट अधिकार देणे वेगळे. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सर्वसाधारणपणे तो अधिकार संपतो. घरात राखणदार म्हणून ठेवलेला माणूस किती वर्षे राहिला, एवढ्यावरून तो मालक होत नाही. मात्र त्याला कोणत्या नात्याने ठेवले, याचा एखादा कागद नसेल तर तेच सिद्ध करण्यात वर्षे जातात.

नागरिकत्व आणि पैसा

१९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तेथील नागरिकत्व घेण्याची वाट आहे. हजारो गोमंतकीयांनी ती घेतली. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही, त्यामुळे असे नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व जाते. वारसाहक्क मात्र त्याबरोबर जात नाही. भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने आलेली स्थावर मालमत्ता परदेशातील रहिवाशाला बाळगता, वापरता आणि हस्तांतरित करता येते, अशी तरतूद १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात, म्हणजे 'फेमा'मध्ये आहे. पाकिस्तान, बांगलादेश, चीन अशा काही देशांच्या नागरिकांना वेगळे निर्बंध आहेत. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातील मूळ रहिवासी आणि त्यांचे वंशज 'ओसीआय' कार्डासाठी पात्र ठरतात आणि गोवा अशाच प्रदेशात मोडतो. कार्ड असल्यास येणे-जाणे आणि बँकेचे व्यवहार सोपे होतात, एवढेच.

शेतजमिनीची गोष्ट निराळी. अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक शेतजमीन, मळा वा फार्म हाऊस विकत घेऊ शकत नाही, पण वारशाने ते त्याच्याकडे येऊ शकते. विकायचे झाल्यास ते भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावे लागते. त्यात गोव्याने २०२३ मध्ये केलेल्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांना विकण्यावर निर्बंध आणले. शिवाय कूळ आणि मुंडकार यांच्या संरक्षणाचे कायदे १९६४ आणि १९७५ पासून आहेत. वारशात आलेल्या भाटात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला वारसदार बदलला म्हणून बाहेर काढता येत नाही.

भारतात वारसा कर नाही. पूर्वीचे इस्टेट शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले. वारशाने घर मिळाले म्हणून येथे काही द्यावे लागत नाही, कर येतो तो विक्रीवर. नफा मोजताना मूळ मालकाची खरेदी किंमत धरली जाते. मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवसाचे बाजारमूल्य घेता येते, म्हणून त्या तारखेचे मूल्यांकन करून घेणे हिताचे. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के दर असून महागाई निर्देशांकाची सवलत घेऊन २० टक्के दराने कर भरण्याचा पर्याय जुन्या मालमत्तेसाठी केवळ निवासी करदात्यांना ठेवला आहे. अनिवासी विक्रेत्याला तो नाही. खरेदीदाराने त्याला पैसे देतानाच कर कापून घ्यायचा असतो. कापणी प्रत्यक्ष कराहून जास्त होत असेल तर आयकर खात्याकडून कमी दराचे प्रमाणपत्र विक्रीपूर्वीच मिळवावे लागते. ब्रिटन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांशी भारताचे दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत, परंतु राहत्या देशात हा नफा दाखवण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

विक्रीची रक्कम एनआरओ खात्यात जमा होते. तेथून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी नेता येते. त्यासाठी बँक वारशाचा पुरावा आणि कर भरल्याबद्दल सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र मागते. घर आजोबांच्याच नावावर राहिले असेल, तर विक्रीखत नोंदवतानाच गाडी अडते, बँकेपर्यंत प्रकरण जातच नाही.

'फॉर्म एक व चौदा' गोव्याच्या भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर सर्व्हे क्रमांक टाकून परदेशातूनही पाहता येतो. वारस-दस्तांच्या सूचना असलेली राजपत्राची तिसरी मालिकाही इंटरनेटवर उपलब्ध असते. आपले नाव वगळून कोणी वारस-दस्त केला असल्यास त्याचा सुगावा लिस्बन किंवा लंडनमध्ये बसलेल्या सहवारसाला लागू शकतो तो तेथेच.