‘स्टेबल’ म्हणजे नक्की काय? किल्लारीचा भूकंप आणि एक लॅटिन विशेषण



पीएचडीच्या पहिल्या वर्षी किल्लारीच्या भूकंपावरचा एक पेपर वाचताना मी एका शब्दापाशी अडकलो. आपला सगळा भाग म्हणे ‘स्टेबल काँटिनेंटल रीजन’! मी माकणीचा. किल्लारी आमच्या जवळच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. पण आमच्या घरात आजही कुठलीही जुनी गोष्ट भूकंपाच्या आधीची की नंतरची, असंच विचारतात. जवळपास दहा हजार माणसं गेली. आणि पेपर म्हणतो, स्टेबल.

मी वहीत त्यापुढे ‘सुरक्षित’ असं लिहून ठेवलं होतं. घोळ तिथंच झाला.

लॅटिनमध्ये ‘स्टारे’ म्हणजे उभं राहणं. त्याला ‘बिलिस’ हा प्रत्यय लागून ‘स्टाबिलिस’ झालं, म्हणजे ‘उभं राहू शकणारं’. हाच शब्द फ्रेंचमध्ये स्टाब्ल, स्पॅनिशमध्ये एस्ताब्ले, इटालियनमध्ये स्ताबिले आणि जर्मनमध्ये श्टाबील. इंग्रजीत घोड्यांच्या तबेल्यालाही स्टेबल म्हणतात, तो शब्द याच मुळाचा. जनावरं उभी राहण्याची जागा. आणि गंमत म्हणजे आपला ‘स्थिर’ यांचा लांबचा भाऊ लागतो. संस्कृतातला ‘स्था’ धातू आणि लॅटिनचं ‘स्टारे’ एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेत. स्थान, संस्था, अगदी ठाणे हे गावाचं नावसुद्धा त्याच कुळातलं.

आता तो प्रत्यय नीट बघा. त्यात ‘शकणारं’ आहे, ‘कधीच न हलणारं’ नाही. न हलणाऱ्यासाठी लॅटिनमध्ये ‘इम्मोबिलिस’ असा वेगळा शब्द आहे. फिजिक्सवाल्यांना हे लगेच पटेल. वाटीतल्या गोटीला धक्का दिला की ती हलते, पण परत तळाशी येते, म्हणून ते स्टेबल इक्विलिब्रियम. केमिस्ट्रीत स्टेबल आयसोटोप म्हणजे ज्याचा किरणोत्सर्गी क्षय होत नाही तो. विशेषण एकच, पण व्याख्या विषयागणिक वेगळी.

भूकंपशास्त्रात स्टेबल म्हणजे खंडाचा असा भाग, जो प्लेटच्या सीमेपासून लांब आहे आणि जिथं भूगर्भीय हिशोबानं अलीकडे पर्वत उभे राहिले नाहीत किंवा कवच फाटून दुभंगलं नाही. एवढंच. भूकंप होणारच नाही, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. भारतीय प्लेट वर्षाला साधारण 5 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकते, हिमालयाला धडकते, आणि तो ताण आतल्या जुन्या खडकांतही साठतो. फक्त फार सावकाश. त्यामुळे दोन मोठ्या भूकंपांमधला काळ इतका लांब असतो की माणसांच्या आठवणीत पहिला उरतच नाही. (माकणीच्या धरणातल्या पाण्याचा किल्लारीशी काही संबंध होता का, यावरही अभ्यासकांत चर्चा झाली. तो वेगळा विषय, पुन्हा कधीतरी लिहीन.)

1993 मध्ये जो झोनचा नकाशा वापरात होता, त्यात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होतं. 2002 च्या सुधारित नकाशात झोन 1 काढूनच टाकला आणि हा परिसर झोन 3 मध्ये गेला. खडक तेच, प्लेट तीच. बदललं ते आपलं वाचन. आणि घरं? जाड दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, पण आडव्या धक्क्यापुढं उभं राहू न शकणारी. मुळातल्या लॅटिन अर्थानं बघितलं, तर त्या पहाटे ‘स्टाबिलिस’ नव्हती ती घरं.

म्हणून पेपर वाचताना ओळखीचं विशेषण दिसलं की मी आता आधी त्या पेपरातली, नाहीतर त्यानं संदर्भ दिलेल्या मूळ पेपरातली व्याख्या शोधतो. डिक्शनरी त्यानंतर. वहीतला तो ‘सुरक्षित’ मी खोडला नाही. बाजूला लाल पेननं लिहिलंय : ‘सीमेपासून लांब’.