एका दिव्यावरून पेटलेला वाद

जून 2024 मध्ये बेंटलीने आपल्या 'कॉन्टिनेन्टल जीटी' या कूपे गाडीची चौथी पिढी जगापुढे आणली. वीस वर्षं तिच्या पोटात धडधडणारं बारा सिलिंडरचं इंजिन या पिढीत नव्हतं. त्याच्या जागी आठ सिलिंडर आले होते आणि जोडीला विजेची मोटर. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे 25.9 किलोवॅट-तासांची बॅटरी बसवली होती. इतकी उलथापालथ पोटात झालेली असताना लोक हिरिरीने भांडले ते तोंडावरून. 2003 पासून या गाडीला पुढे दोन्ही बाजूंना दोन-दोन गोल दिवे होते. आता प्रत्येक बाजूला एकच मोठा दिवा उरला आणि त्यातून भुवईसारखी एक आडवी प्रकाशरेषा गेली.

गाडीचा चेहराच हरवला, चार दिव्यांमुळेच तर ती अंधारातही ओळखू यायची, असं एका पक्षाचं म्हणणं. दुसऱ्या पक्षाला हाच चेहरा अधिक ठाम, अधिक एकाग्र वाटतो. मला हा वाद फार मोलाचा वाटतो. तो नुसत्या आवडीनिवडीचा आहे असं समजून आपण पुढे गेलो, तर त्यामागचं विलक्षण भौतिकशास्त्र आणि त्याहून विलक्षण इतिहास आपल्या हातून निसटेल.

आधी दिवा मुळात गोल का, ते पाहू. जुन्या दिव्यात तापून पांढरी झालेली एक बारीक तार असायची. ती चहूबाजूंना प्रकाश फेकते. तो सगळा प्रकाश एका दिशेला वळवायचा तर तारेमागे पॅराबोलाच्या आकाराचा आरसा लागतो आणि तार त्याच्या नेमक्या केंद्रबिंदूवर असावी लागते. अशा आरशाचं तोंड गोल असतं, म्हणून दिवा गोल. आता खरी अडचण. लांबचा झोत आणि खालचा झोत असे दोन झोत हवेत, म्हणून बल्बमध्ये दोन तारा बसवल्या; पण केंद्रबिंदू एकच असतो. एक तार तिथे बसली की दुसरी थोडी बाजूलाच राहणार आणि तिचा झोत थोडा कमअस्सल निघणार. यावर उपाय म्हणजे दोन कामांना दोन वेगळे दिवे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस चार दिव्यांच्या गाड्या दिसू लागल्या त्या यातूनच. बेंटलीवर चार दिवे आले 1962 मध्ये, 'एस-3' या मॉडेलवर. त्याआधीच्या 'एस-2' ला मुख्य दिवा प्रत्येक बाजूला एकच होता.

म्हणजे ज्याला आज परंपरा म्हणून कवटाळलं जातंय, ते एकेकाळी तारेच्या अडचणीवर काढलेलं उत्तर होतं. आता तार गेली, एलईडी आले. आज दिव्याच्या आत कित्येक सूक्ष्म प्रकाशबिंदू असतात आणि प्रत्येकाचा झोत स्वतंत्रपणे वळवलेला असतो. समोरून गाडी आली की तिच्या चालकाच्या डोळ्यांवर पडणारे तेवढेच बिंदू मंद होतात, बाकीचा रस्ता लख्खच राहतो. अंधारात कापून काढलेली सावलीची एक चौकट समोरच्या गाडीबरोबर सरकत जाते! या दिव्याला गोल राहण्याची काहीच सक्ती नाही. तरीही बेंटलीच्या क्रू इथल्या कारखान्यातल्या मंडळींनी त्याचा गोलावा जपला आणि आतल्या काचेला पैलू पाडले. जुन्याशी त्यांनी नातं तोडलं, असं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

या वादाचा सगळ्यात पक्का साक्षीदार मात्र 1952 सालात उभा आहे. त्या वर्षी 'आर-टाइप कॉन्टिनेन्टल' बाजारात आली. आजच्या कॉन्टिनेन्टल जीटीचं सारं रूप जिच्यावरून बेतलं आहे, ती हीच गाडी. तिच्या पहिल्या नमुन्याच्या नंबरात 'ओएलजी' ही अक्षरं होती, म्हणून सगळे तिला 'ओल्गा' म्हणायचे. इंजिनीअर इव्हान एव्हर्नडेन आणि आरेखनकार जॉन ब्लॅचली या दोघांनी तिला जन्म दिला. छपरापासून मागच्या बंपरपर्यंत एकाच ओघात उतरत जाणारी तिची पाठ केवळ डोळ्यांच्या सुखासाठी नव्हती. तिचं छोटं प्रतिरूप रोल्स-रॉईसच्या वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलं होतं. पुढे एच. जे. मलिनर या बॉडी बांधणाऱ्या कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून ती घडवली.

एव्हर्नडेनला सर्वांत मोठी धास्ती टायरांची होती. चार माणसं आणि त्यांचं सामान घेऊन ताशी 185 किलोमीटरच्या आसपास धावायचं, आणि त्या काळचे टायर एवढ्या वेगात जड गाडीखाली टिकत नसत. म्हणून त्याने वजनाला मर्यादा घातली, सुमारे 1,700 किलो. सीटच्या सांगाड्यापासून बंपरपर्यंत जिथे जमेल तिथे अ‍ॅल्युमिनियम वापरलं. ओल्गाची ती देखणी पाठ आणि तो हलकेपणा, दोन्ही एकाच काळजीतून आले. चौघांना घेऊन त्या वेगाने जाणारी दुसरी गाडी तेव्हा बाजारात नव्हती. नमुना धरून एकूण 208 गाड्या तयार झाल्या. आणि हो, मुख्य दिवा तिलाही प्रत्येक बाजूला एकच होता.

इथे 'ग्रँड टूरिंग' हा प्रकार काय, हे सांगायला हवं. स्पोर्ट्स कार शर्यतीच्या अंगाने जाते, लिमोझिन आरामाच्या. ग्रँड टूररला दोन्ही साधायचं असतं, तेही एका दमात हजारभर किलोमीटर तोडताना. दोन दारं, लांब बॉनेट, मागे दोघांपुरती जागा, डिकीत आठवड्याचं सामान. संध्याकाळी एका देशातून निघावं आणि सकाळी दुसऱ्या देशात न आंबलेल्या अंगाने उतरावं. बेंटलीच्या इतिहासात याची एक कथा फार प्रसिद्ध आहे. मार्च 1930 मध्ये कंपनीचे अध्यक्ष वूल्फ बार्नाटो यांनी पैज लावली की, कान शहराहून निघणारी 'ब्लू ट्रेन' उत्तरेला कॅलेला पोहोचायच्या आत आपण थेट लंडनमध्ये असू. संध्याकाळी ट्रेन सुटली, तेही निघाले. रात्रभर पाऊस आणि धुकं, सकाळी बूलोन्य बंदर, मग खाडीपार. दुसऱ्या दिवशी दुपारी 3 वाजून 20 मिनिटांनी ते लंडनच्या आपल्या क्लबात होते. ट्रेन कॅलेला लागली ती चार मिनिटांनी.

या कथेचा पुढचा भाग आपल्या विषयाला थेट भिडतो. या शर्यतीची चित्रं निघाली, पुस्तकं निघाली, आणि त्यांत सगळीकडे दिसते ती गर्नी नटिंग या कंपनीने बांधलेली बुटक्या छपराची, उतरत्या पाठीची, जीव ओवाळून टाकावा अशी कूपे. बार्नाटोंचीच गाडी होती ती, पण त्यांच्या हाती आली मे महिन्यात, शर्यत संपल्यावर. प्रत्यक्ष धावली ती मलिनरने बांधलेली, उंच छपराची साधी सलून. वर्षानुवर्षं लोकांनी पराक्रमाचं श्रेय देखण्या गाडीला दिलं, कारण एवढा पराक्रम केलेली गाडी अशीच दिसली पाहिजे, असं डोळ्यांना वाटलं. कूपेच्या रूपाची ताकद ही आहे. आणि तरुण ब्लॅचली आपलं काम शिकला तो पुढे त्याच गर्नी नटिंगमध्ये. ओल्गाची पाठ त्याच्या हातात कुठून आली असेल, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

2003 ची कॉन्टिनेन्टल जीटी त्या पाठीची नात. फोक्सवॅगनने 1998 मध्ये बेंटली विकत घेतल्यानंतरची ही पहिली संपूर्ण नवी गाडी, आणि तिने कंपनी तारली असं म्हटलं तरी चालेल. तिच्यातलं डब्ल्यू-12 इंजिन ही एक नवलाईची चीज आहे. बारा सिलिंडर सरळ दोन रांगांत ठेवले तर इंजिन लांबलचक होतं. इथे सहा-सहा सिलिंडरांचे दोन गट आहेत. प्रत्येक गटात सिलिंडर अवघ्या 15 अंशांच्या कोनात एकमेकांच्या फटीत शिरून बसतात आणि ते दोन गट 72 अंशांवर एकाच क्रँकशाफ्टला जोडलेले असतात. सहा लिटरचं इंजिन, 560 हॉर्सपॉवर, आणि तरीही लांबीला आखूड.

पण ते बसलं होतं बरंचसं पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे. त्यामुळे पुढचं चाक मागे, दाराच्या बाजूला सरकलं आणि नाक पुढे लोंबत राहिलं. पहिल्या दोन पिढ्यांकडे पाहताना काहीतरी खुपायचं, पण बोट ठेवता यायचं नाही, असा अनुभव अनेकांना आहे. बोट ठेवायची जागा तीच होती. पुढच्या चाकाचा मध्य आणि समोरच्या काचेचा पायथा यांत अंतर जितकं अधिक, तितकी गाडी ऐटीत उभी दिसते. तिसऱ्या पिढीत, 2018 च्या मॉडेलला, अ‍ॅक्सल तब्बल 135 मिलिमीटर पुढे नेला. वितीपेक्षाही कमी अंतर, पण गाडीचं सगळं उभं राहणंच बदललं. माझ्या मते या गाडीच्या रूपातला खरा मोठा बदल तो होता, आणि त्यावर कोणी फारसं भांडलंच नाही.

त्याच पिढीत गाडीची अख्खी बाजू अ‍ॅल्युमिनियमच्या एका पत्र्यातून काढली. मागच्या चाकावर जो भरीव खांदा आहे आणि त्यावरून जी धारदार कड जाते, ती साध्या प्रेसमध्ये निघत नाही. इतका खोल ठोका दिला की पत्रा फाटतो. म्हणून पत्रा सुमारे 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि हवेचा दाब देऊन साच्यावर बसवतात, फुंकनळीने काच फुगवावी तसा. त्या तापमानाला धातूचे सूक्ष्म कण एकमेकांवरून हळूहळू सरकतात, म्हणून तो न तुटता विलक्षण ताणला जातो. कागदावर आरेखनकाराने पेन्सिलीने ओढलेली कड जशीच्या तशी धातूत उतरते. उन्हात ती गाडी बाजूने पाहिली की त्या कडेवर प्रकाश एका बाजूला लख्ख आणि दुसऱ्या बाजूला एकदम गडद होतो. चौथ्या पिढीनेही ही बाजू जवळजवळ तशीच ठेवली आहे, आणि ते शहाणपणाचं केलं.

आवाजाबद्दलची हळहळ मात्र मी समजू शकतो. बारा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर साठ अंशांना एक स्फोट होतो, आठ सिलिंडरमध्ये दर नव्वद अंशांना. त्यातून व्ही-8 च्या एका बाजूच्या सिलिंडरांत स्फोट समान अंतराने होत नाहीत, म्हणून तिची ती ओळखीची खालच्या पट्टीतली घरघर. डब्ल्यू-12 चा आवाज रेशमासारखा सलग होता. जुलै 2024 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, एक लाखाहून अधिक इंजिनं बनवल्यानंतर. तो सूर आता पुन्हा ऐकू येणार नाही. बदल्यात काय मिळालं? 'स्पीड' या मॉडेलला चार लिटरचं इंजिन आणि मोटर मिळून 782 हॉर्सपॉवर, शून्यापासून शंभरपर्यंत 3.2 सेकंदांत, कमाल वेग ताशी 335 किलोमीटर. आणि हीच गाडी पहाटे गल्लीतून कोणालाही न जागवता निव्वळ विजेवर निघू शकते, कागदोपत्री 81 किलोमीटरपर्यंत. बॅटरी मागे बसवल्याने जुनं दुखणंही मिटलं. ज्या गाडीचं नाक जड होतं, तिचं वजन आता पुढे 49 आणि मागे 51 टक्के असं वाटलं गेलंय.

खरा वाद व्हायला हवा तो इथे. या गाडीचं वजन 2,459 किलो आहे, तिसऱ्या पिढीच्या बारा सिलिंडरवालीपेक्षा दोनशेहून अधिक किलो जास्त. आजचे टायर ते पेलतात, ब्रेक पेलतात, इलेक्ट्रॉनिक्स वळणावर अंग तोलून धरतं; चालवणाऱ्याला त्यातलं बरंचसं जाणवतही नाही, आणि ही अभियांत्रिकीची करामत थक्क करणारीच आहे. पण एव्हर्नडेनने किलो-किलो मोजून ओल्गा घडवली होती आणि तिचं सौंदर्य त्या मोजण्यातून आलं होतं. त्याच्या गाडीचं नाव मिरवणारी गाडी आज तिच्यापेक्षा साडेसातशे किलोंनी जड आहे.

माझा कौल सांगतो. एकेरी दिवा योग्य आहे, तो 1952 च्या गाडीच्या अधिक जवळ जातो आणि सुंदर बाजूवरून लक्ष ओढून घेत नाही. इंजिनाचा बदल मनाला लागतो, पण गाडी त्याने सुधारली. वजन मात्र मला मान्य नाही, आणि पाचव्या पिढीच्या आरेखनकारांनी पहिलं काम तेच हाती घ्यावं.