बंद पडलेले छोटे रेल्वे इंजिन : आधी करंट मोजा, मग स्क्रू काढा

भिलाईच्या पावर हाउस भागात राहणाऱ्या मुलांना रेल्वे इंजिनाचे अप्रूप नाही. हावडा-मुंबई मार्गावरून मालगाड्या दिवसभर जातच असतात. तरीही डी.सी. मोटरच्या तासाला मी टेबलावर वीतभर लांबीचे मॉडेल इंजिन ठेवले, की मागच्या बाकावरची मुलेही पुढे येतात.

या इंजिनाआधीचे एक इंजिन मी स्वतः जाळले. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते रुळावर मध्येच थांबले. मी कंट्रोलरचा नॉब शेवटपर्यंत फिरवला, इंजिन बोटाने ढकलून पाहिले आणि नॉब तसाच ठेवून फोन घ्यायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा खोलीत जळक्या वार्निशचा वास होता. उघडल्यावर दिसले की गिअरमध्ये जुने ग्रीस घट्ट होऊन बसले होते. अर्ध्या तासाच्या सफाईने भागले असते. तशी मोटर पुन्हा मिळाली नाही.

नेमके काय घडले ते आकड्यांत पाहू. समजा मोटरच्या वेटोळ्याचा रोध ३० ओहम आहे आणि रुळावर १२ व्होल्ट दिले आहेत. इंजिन धावताना मोटर ०.१५ अँपिअर करंट घेते. म्हणजे वेटोळ्यात ०.१५ × ३० = ४.५ व्होल्ट खर्च होतात, उरलेले ७.५ व्होल्ट हे फिरत्या आर्मेचरमध्ये उलट दिशेने निर्माण होणारे व्होल्टेज, म्हणजेच बॅक ईएमएफ. वेटोळ्यात उष्णता होते सुमारे ०.६८ वॅट. आता चाके अडकली आणि आर्मेचर थांबले, की बॅक ईएमएफ शून्य. करंट १२ ÷ ३० = ०.४ अँपिअर, आणि उष्णता ४.८ वॅट, म्हणजे सातपट. बोटाच्या पेराएवढ्या मोटरला ती बाहेर टाकता येत नाही. म्हणून पहिला नियम : इंजिन थांबले की आधी नॉब शून्यावर आणा.

दुसरे काम, मल्टीमीटर करंटच्या मोठ्या रेंजवर ठेवून कंट्रोलर आणि रूळ यांच्यातील एका वायरमध्ये जोडा. नॉब हळूहळू दोन-तीन सेकंदच फिरवा. करंट जवळजवळ शून्य असेल तर परिपथ कुठेतरी तुटला आहे : रूळ, चाके, चाकांना टेकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या किंवा मोटरचे ब्रश. करंट नेहमीपेक्षा बराच जास्त आणि इंजिन जागचे हलत नसेल, तर काहीतरी अडकले आहे किंवा वेटोळे शॉर्ट झाले आहे. करंट बेताचा, मोटरचा आवाज येतो पण चाके फिरत नाहीत, असे असेल तर गिअर पाहा. धातूच्या अॅक्सलवर दाबून बसवलेला प्लास्टिकचा गिअर वर्षांनी तडकतो आणि जागच्या जागी घसरतो. इंजिनात डिजिटल डिकोडर असेल तर मात्र ही परीक्षा अशी सरळ लागू होत नाही.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा पहिला प्रकार निघतो, आणि त्याचे कारण मोठ्या इंजिनाशी तुलना केल्यावर कळते. आपल्या मार्गावरचे वॅग-९ इंजिन १२३ टनांचे, चाके बारा. म्हणजे प्रत्येक चाकाखाली दहा टनांहून अधिक भार. ते २५ किलोव्होल्टच्या तारेतून करंट घेते आणि चाकांतून रुळावर परत सोडते. मधला गंजाचा पातळ थर त्या भाराखाली चिरडून जातो. मॉडेलमध्ये तार नाही. करंट एका रुळातून चढतो आणि दुसऱ्या रुळातून उतरतो, आणि इंजिन असते पाव किलोचे. आठ चाके धरली तर प्रत्येकी तीस-एकतीस ग्रॅम. एवढ्या भाराला तेल-धुळीचा थर फुटत नाही.

इथे विद्यार्थी हमखास फसतात. इंजिन उचलून रुळावर व्होल्टमीटर लावला, तर तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, आणि 'रूळ ठीक आहे' असा निष्कर्ष निघतो. पण चाक आणि रूळ यांच्यातील मळाचा रोध ३० ओहम असेल, तर सुरुवातीला मोटरच्या वाट्याला फक्त ६ व्होल्ट येतात. करंट वाहत नसताना मळावर व्होल्टेज पडतच नाही, मग मीटरला ते दिसणार कसे? मोजमाप भार असतानाच करावे.

सफाई रुळापासून सुरू करा. मॉडेलचे रूळ बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. आपल्याकडे याच नावाची भांडी घरोघरी होती. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी अजिबात नाही. सुती कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करून रुळाचा माथा पुसा, कापड काळे येणे थांबेपर्यंत. सँडपेपरला माझा सक्त विरोध आहे : चकाकी तात्पुरती येते, पण ओरखड्यांत मळ अधिक लवकर साठतो. लोखंडी तारेची घासणी तर नकोच. तिचे तुकडे मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. आमच्या गावी ती काळजी तशीही आहे. खिडकीतल्या धुळीवरून चुंबक फिरवा, बारीक काळे कण लगेच लागतात.

चाकांसाठी तेच ओले कापड रुळावर आडवे टाका, इंजिनाचा एक भाग कापडावर आणि दुसरा उघड्या रुळावर ठेवा, हाताने धरून थोडे व्होल्टेज द्या. कापडावरची चाके जागेवर फिरून स्वतःच पुसली जातात. मग इंजिन उलटे फिरवा. त्याआधी कापडातले जास्तीचे अल्कोहोल उडून जाऊ द्या, कारण ते पेट घेते. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातल्या अॅसिटोनने प्लास्टिक विरघळते.

एवढ्याने भागले नाही तरच मोटरकडे वळा. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढा. ब्रशच्या स्प्रिंगा उडतात आणि सापडत नाहीत, म्हणून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून काम करा. कम्युटेटर कापसाच्या काडीने पुसा, आणि त्याच्या फटींतली कार्बनची पूड लाकडी टूथपिकने काढा. ती पूड शेजारच्या पट्ट्या एकमेकींना जोडते. जुन्या मोटरचे आर्मेचर मात्र बाहेर ओढू नका. तिचे चुंबक अल्निकोचे असेल, तर आर्मेचर निघताच त्याचे चुंबकत्व घटते.

गिअरमधले घट्ट ग्रीस टूथपिकने खरवडून काढा, चाके मोटरपासून सुटी करून बोटाने सहज फिरतात का ते पाहा. तेल सुईच्या टोकावर मावेल तेवढेच, फक्त बेअरिंगला. प्लास्टिकला चालणारे असावे. तेल कम्युटेटरवर गेले तर सफाई पुन्हा पहिल्यापासून.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते सुरू झाले. तिथल्या गाड्या आपल्या इंजिनासारख्याच एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या आणि १६.५ मिलिमीटर रुळांवरच्या. जमल्यास विद्यार्थ्यांनी ते जरूर पाहावे, आणि गाड्या पाहून झाल्या की रुळाचा माथाही पाहावा.

जोडणी झाल्यावर इंजिन दोन्ही दिशांना अर्ध्या वेगाने दहा-दहा मिनिटे चालवा आणि करंट पुन्हा मोजा. आमच्या इंजिनाचा आकडा ०.१५ आहे, तो तारखेसह चिठ्ठीवर लिहून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.