आईनंतर आठवण गुरुजींची

बालमित्रांनो, समजा, तुम्ही एक गोष्ट लिहिलीत. ती कथास्पर्धेत पाठवलीत आणि चक्क पहिला नंबर आला! टाळ्यांच्या कडकडाटात तुम्हाला स्टेजवर बोलावलं, हातात बक्षीस दिलं आणि माइक पुढे करून कुणीतरी म्हणालं, "बोला दोन शब्द." काय बोलाल?

बहुतेक जण घाईघाईनं म्हणतात, "मी माझे आईवडील, गुरुजन आणि मित्रमैत्रिणी यांचे आभार मानतो." झालं! पाठ केलेल्या पाढ्यासारखं एका दमात. त्यात वाईट काही नाही. पण ज्यांनी तुम्हाला गोष्टीचं पहिलं पुस्तक दिलं, त्यांना कळतं का, की हे आभार खास त्यांचे आहेत?

नव्यानं लिहू लागलेल्याला बक्षिसाचं फार अप्रूप असतं, बरं का! आपलं लिहिणं कुणीतरी वाचलं, त्यांना आवडलं, या एका गोष्टीनं पुढचं पान लिहायला बळ येतं. म्हणून तर साहित्य अकादमीनं २०११ पासून ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी 'युवा पुरस्कार' सुरू केला. मराठीतल्या तरुण लेखकांनाही तो मिळतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. फोटोत लेखक एकटाच असतो. पण त्याचं बोट धरून त्याला इथवर आणणारी माणसं मात्र फोटोत नसतात.

अशाच फोटोबाहेरच्या एका माणसाला एका लेखकानं पत्र लिहिलं. बक्षीस होतं साहित्याचं नोबेल, आणि पत्र होतं प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना! त्या पत्राची ही गोष्ट. त्यासाठी आपल्याला समुद्र ओलांडून जायचंय आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, अल्जीरिया देशात.

पुस्तक नसलेलं घर

आल्बेर कामूचा जन्म ७ नोव्हेंबर १९१३ चा. अल्जीरियावर तेव्हा फ्रान्सचं राज्य होतं. आल्बेर एक वर्षाचाही झाला नव्हता, तोच त्याचे वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. आई दोन मुलांना घेऊन अल्जिअर्स शहरातल्या बेलकूर नावाच्या गरीब वस्तीत, आपल्या आईकडे राहायला आली.

घर एवढंसं आणि माणसं पाच. आई, आजी, मामा आणि हे दोघे भाऊ. आईला कमी ऐकू यायचं, आणि लिहिता-वाचता तर मुळीच येत नव्हतं. ती लोकांच्या घरी साफसफाईची कामं करायची. आजीही निरक्षर. घरात पुस्तक म्हणून नव्हतं! आजीचा कारभार मोठा कडक. आल्बेरला फुटबॉलचं वेड, पण खेळून बूट झिजतात ना! म्हणून आजी त्याच्या बुटांचे तळवे तपासून बघायची. झिजलेले दिसले की मार ठरलेला.

अशा घरातला मुलगा पुढे काय होणार? प्राथमिक शाळा संपली की कुठल्यातरी दुकानात नाहीतर कारखान्यात कामाला लागणार. वस्तीतल्या बहुतेक मुलांचं तेच व्हायचं.

गुरुजींचे दोन तास

पण आल्बेरच्या शाळेत एक गुरुजी होते. त्यांचं नाव लुई जेर्मँ. ते स्वतः महायुद्धात लढून परतले होते. ज्यांचे वडील त्या युद्धात गेले, त्या मुलांवर त्यांची खास माया होती. म्हणजे लाडच करायचे असं नाही हं! चुकलं की पट्टीचा प्रसादही मिळायचा. पण त्यांचा तास कधी संपूच नये, असं मुलांना वाटायचं.

ते वर्गात युद्धावरची एक कादंबरी वाचून दाखवत. सैनिकांच्या त्या गोष्टीचा शेवट ऐकून छोटा आल्बेर हुंदके देऊन रडला. त्याला बाबा आठवतच नव्हते. पण बाबा कुठल्या चिखलात, कसल्या थंडीत लढले असतील, हे त्याला त्या पुस्तकातून कळलं. घरात कुणी त्याला हे सांगू शकलं नव्हतं, ते एका पुस्तकानं सांगितलं. मला तर वाटतं, लेखक कामूचा जन्म त्याच दिवशी त्या बाकावर झाला असावा.

आता आली १९२४ ची गोष्ट. तुम्ही शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसता ना, तशीच एक परीक्षा तिथे होती. ती पास झालं तरच गरीब मुलाला मोठ्या शाळेत, म्हणजे 'लिसे'मध्ये, शिकता यायचं. गुरुजींनी काही हुशार मुलं निवडली. शाळा सुटल्यावर रोज दोन तास ते त्यांना शिकवू लागले. फी? एक पैसाही नाही!

पण आजी अडून बसली. मोठ्या शाळेत जायचं म्हणजे आणखी कितीतरी वर्षं मुलगा कमावणार नाही. घरात खायची भ्रांत, तिथे हे चोचले कशाला? आजी दुष्ट नव्हती, बरं का मित्रांनो. तिचा हिशेब तिच्या जागी बरोबर होता. पण गुरुजींचा हिशेब वेगळा होता. ते उठले आणि सरळ आल्बेरच्या घरी गेले. आजीशी बोलले, तिची समजूत घातली. आणि आजीनं चक्क मान हलवली!

त्या दिवशी गुरुजींनी "जाऊ दे, घरचे ऐकत नाहीत तर मी काय करणार?" असं म्हटलं असतं तर? आल्बेर कामू हे नाव आज कुणाला ठाऊक नसतं.

कामूंनी पुढे आपल्या कादंबरीत या परीक्षेचा प्रसंग रंगवला आहे. परीक्षेच्या सकाळी गुरुजी मुलांच्या आधीच शाळेच्या दारात हजर. बरोबर मुलांसाठी खाऊ! आणि निकाल लागल्यावर ते मुलाला सांगतात, की आता तुला माझी गरज नाही, तुला माझ्याहून विद्वान शिक्षक मिळतील, पण गरज पडलीच तर मी कुठे असतो ते तुला माहीत आहे. असं म्हणून गुरुजी निघून जातात आणि मुलगा एकटा उरतो.

बातमी आली!

पुढचा रस्ता सोपा नव्हता. सतराव्या वर्षी कामूंना क्षयरोग झाला. फुटबॉल सुटला, अभ्यासात खंड पडला. १९३७ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक अल्जिअर्समध्ये निघालं, तेही अगदी थोड्या प्रतींचं. त्या पुस्तकावर दुसऱ्या एका शिक्षकांचं नाव आहे. लिसेमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारे, आजारपणात घरी भेटायला आलेले झां ग्रनिए. त्यांनाच ते अर्पण केलेलं आहे. म्हणजे आभार मानायची सवय पहिल्या पुस्तकापासूनची! नंतर १९४२ मध्ये एक आणि १९४७ मध्ये एक अशा दोन कादंबऱ्या गाजल्या, आणि कामूंचं नाव जगभर झालं.

१६ ऑक्टोबर १९५७. साहित्याचं नोबेल आल्बेर कामूंना जाहीर झालं! ते घेताना त्यांचं वय होतं ४४. त्यांच्याहून कमी वयात, ४१ व्या वर्षी, हे नोबेल एकालाच मिळालं होतं. ते रडयार्ड किपलिंग, आणि गंमत म्हणजे त्यांचा जन्म आपल्या मुंबईतला!

एवढा मान मिळूनही कामू हवेत गेले नाहीत. हा पुरस्कार आंद्रे मालरो या लेखकाला मिळायला हवा होता, असं त्यांनी उघडपणे सांगितलं. डिसेंबरमध्ये स्टॉकहोमच्या भाषणातही ते म्हणाले, की मी अजून तसा तरुण आहे, माझं काम अजून पुरं व्हायचंय. नोबेल मिळूनही ते स्वतःला नवा, शिकणारा लेखकच समजत होते.

आणि १९ नोव्हेंबर १९५७ रोजी, आजूबाजूचा गलबला थोडा शांत झाल्यावर, त्यांनी जेर्मँ गुरुजींना पत्र लिहिलं. पत्र लहानसंच आहे. त्यात त्यांनी कळवलं, की बातमी ऐकल्यावर आईनंतर पहिली आठवण तुमचीच आली. तुम्ही त्या गरीब पोराला मायेनं हात दिला नसता, शिकवलं नसतं, तर यातलं काहीच घडलं नसतं. या मानाला मी फार मोठं समजत नाही, पण तुम्ही माझ्यासाठी काय होतात आणि अजून काय आहात, ते सांगायची ही संधी आहे. आणि वय वाढलं तरी तुमचा हा छोटा विद्यार्थी अजून तुमचा ऋणी विद्यार्थीच आहे.

पुढच्या वर्षी नोबेलच्या वेळची भाषणं पुस्तकरूपानं छापली गेली. त्यावर अर्पणपत्रिका होती, लुई जेर्मँ यांच्या नावे.

गुरुजींचं उत्तर

गुरुजींचंही एक पत्र आपल्याला वाचायला मिळतं. ते ३० एप्रिल १९५९ चं. नोबेल विजेत्याला त्यांनी काय म्हणून हाक मारली असेल? 'माझ्या लाडक्या छोट्या' अशा अर्थाची! त्यांनी लिहिलं, की वर्गात असण्याचा तुझा आनंद इतका ओसंडून वाहायचा, की तुझ्या घरची खरी परिस्थिती मला कधी जाणवलीच नाही. परीक्षेत तुझं नाव घालायच्या निमित्तानं तुझी आई मला भेटली, तेव्हा कुठे थोडी कल्पना आली. आणि एवढी कीर्ती मिळूनही तू बदलला नाहीस, याचं मला कौतुक वाटतं.

मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते. म्हणून हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. शिक्षकाला आपल्या हातून काय घडलं, ते कधीकधी तीस-पस्तीस वर्षं कळत नाही. कुणी सांगितलं तरच कळतं! त्या पत्रामुळे जेर्मँ गुरुजींना कळलं, की शाळा सुटल्यावरचे ते दोन तास वाया गेले नव्हते.

आणि ते वेळेवर कळलं. कारण ४ जानेवारी १९६० रोजी मोटार अपघातात कामू गेले. वय अवघं ४६. गुरुजी मागे राहिले. अपघाताच्या जागी कामूंच्या बॅगेत एका अपुऱ्या कादंबरीचं हस्तलिखित सापडलं. परीक्षेचा तो प्रसंग त्यातलाच. कादंबरीत गुरुजींना दुसरं नाव दिलंय, पण लिहिता लिहिता मधेच खरं नाव 'जेर्मँ' असं उमटून गेलंय! ही कादंबरी १९९४ मध्ये छापली गेली, आणि त्या दोघांची ही पत्रंही तिच्या शेवटी छापलेली आहेत. आभाराचं पत्र उद्यावर टाकलं असतं, तर ते कदाचित कधीच पोचलं नसतं.

आता तुमची पाळी

असं पत्र लिहायला नोबेल मिळायची वाट बघायला नको. चित्रकलेतलं उत्तेजनार्थ बक्षीस पुरे, आणि बक्षीस नसलं तरीही चालेल. एक पोस्टकार्ड घ्या. कामूंच्या पत्रात होतं, तेवढंच त्यात लिहा. कुणाला लिहिताय? त्यांनी तुमच्यासाठी नेमकं काय केलं? त्यातून पुढे काय झालं? 'आपण फार थोर आहात' अशी मोठमोठी वाक्यं नकोत. "तुम्ही मला लायब्ररीतलं पुस्तक दोन दिवस जास्त ठेवू दिलंत, म्हणून माझं ते वाचून पुरं झालं," हे एक साधं वाक्य पुरेसं आहे.

आणि आई-बाबांनो, हे तुमच्यासाठीसुद्धा आहे बरं का! तुमचे पहिली-दुसरीचे बाई-गुरुजी आज कुठे असतात? मुलांना बरोबर घ्या, पत्ता शोधा आणि मुलांच्या शेजारी बसून तुम्हीही एक कार्ड लिहा. मुलांना तुमची शाळेतली गोष्ट कळेल, आणि कुठल्यातरी गावात, ओसरीवर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या गुरुजींना पोस्टमन हाक मारील.