घराचं काम गुत्त्यावर देताय? आधी ‘एमबी’ लिहा, मगच पैसे द्या

सोलापूर : उसाचं बिल खात्यावर जमा झालं किंवा द्राक्ष-डाळिंबाचा हंगाम बरा गेला की जिल्ह्यातल्या गावागावांत घराची कामं निघतात. कुणाला लग्नाआधी फरशी बदलायची असते, कुणाला माळवदाच्या जुन्या घरात नवं स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम करायचं असतं. ओळखीतला गुत्तेदार येतो, घरातून एक चक्कर मारतो आणि म्हणतो, “मालक, सगळं मिळून अमुक लाखात करून टाकू की!” हातात उचल पडते आणि काम सुरू होतं.

भांडण सुरू होतं ते दीड-दोन महिन्यांनी. निम्मं काम झालेलं असतं, पैसे मात्र पाऊण गेलेले असतात. गुत्तेदाराने दुसऱ्या गावात काम धरलेलं असतं आणि फोन उचलला जात नाही. कधी गुत्तेदाराचंही खरं असतं. मालकाने मधेच चार कामं वाढवलेली असतात आणि त्याचे पैसे कुणीच ठरवलेले नसतात. “आपलाच माणूस हाय, कागद कशाला?” हे वाक्य शेवटी दोघांनाही महागात पडतं.

रस्त्याला एमबी, मग घराला का नाही?

गावात गटार किंवा सिमेंट रस्ता होतो तेव्हा काय घडतं, हे बहुतेकांना माहीत असतं. आधी अंदाजपत्रक होतं. काम झालं की अभियंता टेप लावून मोजतो आणि मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे ‘एमबी’त लिहितो. एमबी झाल्याशिवाय बिल निघत नाही. वर काही रक्कम अनामत म्हणून मागे ठेवतात आणि ठरावीक मुदतीत काम खराब झालं तर ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायचं असतं.

घराच्या कामालाही हीच पद्धत चालते. त्यासाठी अभियंता व्हायची गरज नाही. शंभर पानी वही, टेप आणि हातातला मोबाईल पुरतो.

आधी ठरवा : हजेरी, लेबर रेट की मटेरियलसह

काम देण्याच्या तीन पद्धती आहेत.

- हजेरीवर : गवंडी, बिगारी यांना रोजची मजुरी. माल मालकाचा. किरकोळ दुरुस्तीला हे बरं, मात्र कुणीतरी दिवसभर समोर थांबावं लागतं.
- लेबर रेटवर : माल मालकाचा, मजुरी चौरस फुटावर. मालाचा दर्जा मालकाच्या हातात राहतो.
- मटेरियलसह गुत्तं : सगळं गुत्तेदाराचं. धावपळ वाचते, पण कोणत्या कंपनीची वायर, कोणती टाइल, कोणता नळ हे लिहिलेलं नसेल तर सर्वात स्वस्त माल लागायची शक्यता जास्त.

‘सगळं मिळून’ हा शब्द सर्वात धोक्याचा. जुनी फरशी उखडणं, राडारोडा उचलणं, खिडक्यांच्या कडा, फरशीची स्कर्टिंग, पाण्याची टाकी बसवणं, रंगाआधीची पुट्टी हे ‘सगळ्यात’ धरलंय का, ते एकेक करून विचारावं. नसलं तर त्याचा दर तिथेच लिहावा.

मोजमापाचा हिशेब समजून घ्या

दर दोन-चार रुपयांनी कमी-जास्त झाला तर घासाघीस होते. खरा फरक मात्र मोजण्यात पडतो.

समजा, खोली १२ बाय १५ फुटांची आणि उंची १० फूट आहे. चारी भिंतींचं क्षेत्रफळ झालं ५४० चौरस फूट. त्यात साडेतीन बाय सातचा दरवाजा आणि चार बाय चारच्या दोन खिडक्या मिळून साधारण ५६ चौरस फूट मोकळी जागा आहे. ती वजा करायची की नाही? गिलाव्याचा दर समजा ४० रुपये असेल, तर एका खोलीत सव्वादोन हजारांचा फरक पडतो. पाच खोल्यांत तो अकरा हजारांच्या वर जातो. काही गवंडी कडा भराव्या लागतात म्हणून मोकळी जागा वजा करत नाहीत. तसं असेल तर हरकत नाही, पण ते आधी ठरलेलं असावं.

टाइलचंही तसंच. दोन बाय दोन म्हणून मिळणारी टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते. चार टाइलच्या पेटीत साधारण साडेपंधरा चौरस फूट बसतात. १८० चौरस फुटांच्या खोलीला १२ पेट्या लागतात, तुटफूट धरून १३. कुणी १६ पेट्या आणायला सांगितल्या तर कारण विचारावं. उरलेल्या पेटीतल्या चार-पाच टाइल मात्र घरात जपून ठेवाव्यात, पुढे तोच रंग मिळत नाही.

सोलापूरच्या घराची तीन दुखणी

कोकणात खारी हवा घर खाते. आपल्याकडे खारं पाणी, काळी माती आणि ऊन. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून काम ठरवताना हे विसरून चालत नाही.

पहिलं दुखणं पाण्याचं. अनेक गावांत बोअरचं पाणी क्षारयुक्त आहे. तेच गिलाव्यात वापरलं की वर्ष-दोन वर्षांत भिंतीवर पांढरी पूड येते, रंग फुगतो आणि पापुद्रे सुटतात. लोक याला लोणा लागला म्हणतात. साधा नियम असा की जे पाणी पिण्याजोगं, तेच सिमेंटला योग्य. बोअर खारी असेल तर गोड्या पाण्याचा टँकर कुणाच्या खर्चाने आणायचा, तेही कागदावर लिहावं. लोणा लागलेल्या भिंतीवर नुसती पुट्टी आणि रंग मारून उपयोग होत नाही. ओल कुठून येते ते आधी शोधावं लागतं.

दुसरं दुखणं काळ्या मातीचं. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतींना भेगा जातात. भेग बुजवून रंग दिला की घर चार महिने छान दिसतं, पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा उघडते. घराभोवती पाणी मुरत असेल तर आधी बाहेरून फरसबंदी किंवा सिमेंटचा उतार करून पाणी लांब काढावं. तिरक्या, रुंद होत जाणाऱ्या भेगा असतील तर गवंड्याच्या अंदाजावर न जाता सिव्हिल इंजिनिअरला एकदा दाखवावं.

तिसरं दुखणं उन्हाचं. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीपार जातो. गिलावा सकाळी केला आणि दुपारी कडक वाळला तर तो कच्चा राहतो. किमान सात दिवस, उन्हाळ्यात त्याहून जास्त दिवस पाणी मारावं लागतं. हे पाणी कोण मारणार? गुत्तेदार म्हणतो घरच्यांनी, घरचे म्हणतात गुत्तेदाराने. कागदावर एक ओळ लिहिली तर हा वाद मिटतो.

आतल्या भिंतीच्या गिलाव्याला साधारणपणे एकास सहा, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, आणि छताला एकास चार असं प्रमाण धरतात. सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं पोतं घेऊ नये. वाळू घेताना वाहतुकीची पावती मागावी. विनापरवाना वाळूवर महसूल विभाग दंडाची कारवाई करतो आणि ढीग मालकाच्या दारात पडलेला असतो.

माळवदाच्या घरात हातोडा जपून

बार्शी, करमाळा, माढा, मंगळवेढा अशा सगळ्याच तालुक्यांत अजून दगड-मातीच्या भिंतींची माळवदाची घरं आहेत. उन्हाळ्यात थंड, पण त्यांचं तंत्र वेगळं. मातीच्या भिंतीवर थेट सिमेंटचा गिलावा नीट धरत नाही. आतली ओल कोंडते आणि गिलावा तुकड्या-तुकड्याने सुटतो. अशा भिंतीला चुन्याचा किंवा मातीचा गिलावा मानवतो. त्यातला जाणकार गवंडी मिळतोय का, ते आधी बघावं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतली भिंत किंवा लाकडी खांब काढून ‘हॉल मोठा’ करण्याचा मोह. छताचं ओझं कशावर आहे हे न बघता खांब काढणं किंवा जुन्या मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकणं जिवावर बेतू शकतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेली. विटांच्या घरातही आरसीसी कॉलम नसतील तर भिंतीच छत पेलतात. ‘ही भिंत काढली तर चालेल का’ याचं उत्तर इंजिनिअरकडून घ्यावं. त्याची फी पूर्ण कामाच्या मानाने किरकोळ असते. खोली वाढवायची किंवा मजला चढवायचा असेल तर ग्रामपंचायतीत आधी विचारणा करावी.

पैसे टप्प्याने, तेही मोजून

पूर्ण रकमेचे पाच-सहा टप्पे पाडावेत. सुरुवातीची उचल लहान ठेवावी, साधारण दहा टक्के. पुढचे पैसे तारखेवर नाही, झालेल्या कामावर द्यावेत. उदाहरणार्थ :

- तोडफोड, राडा उचलणं पूर्ण
- पाइप व वायरिंगचं आतलं काम पूर्ण आणि तपासलेलं
- गिलावा पूर्ण
- फरशी व बाथरूम पूर्ण
- रंग, नळ, दिवे बसवून घर झाडून ताब्यात

शेवटचे पाच ते दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवायचे, असं आधीच ठरवून लिहावं. गळती निघाली तर गुत्तेदार दुरुस्त करेल, नाही निघाली तर पैसे मिळतील. प्रामाणिक गुत्तेदार याला सहसा नाही म्हणत नाही. मात्र मालकानेही शब्द पाळावा. मजुरांचा आठवड्याचा पगार गुत्तेदाराला बाजाराच्या दिवशी द्यावाच लागतो. टप्पा पूर्ण होऊनही पैसे अडवले तर काम थांबणारच.

प्रत्येक टप्प्याला वहीत तारीख, मोजमाप, दिलेली रक्कम आणि दोघांच्या सह्या. ही झाली घराची एमबी. पैसे शक्यतो यूपीआय किंवा चेकने द्यावेत. मधेच काम वाढवलं तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकावी : “किचनमध्ये दोन जादा रॅक, मजुरी इतकी, ठरलं.” समोरून ‘ओके’ आलं की पुरे.

झाकण्याआधी फोटो

भिंतीत गेलेले पाइप आणि वायर पुन्हा दिसत नाहीत. गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढावा. पुढे खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना हाच नकाशा कामी येतो. पाइपमध्ये दाबाने पाणी सोडून तपासणी झाल्यावरच टाइल लावू द्यावी. बाथरूमचा तळ वॉटरप्रूफिंगनंतर किमान एक दिवस पाणी भरून ठेवावा आणि खालची, शेजारची भिंत ओली होते का ते बघावं.

वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच. आयएसआय मार्कची वायर, अर्थिंग आणि करंट गळला की लाइट पाडणारा ईएलसीबी किंवा आरसीसीबी यात काटकसर नको. ओल्या हाताचा बोअरचा स्टार्टर आणि बाथरूममधला गीझर ज्या घरात आहे, तिथे तर नकोच.

मजूर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेले आहेत का, तेही विचारावं. वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते. परातीवरून पडून कुणाला लागलं तर त्या घराला तेवढाच आधार.

फसवणूक झालीच तर

घराच्या आतल्या दुरुस्तीला महारेरा लागू होत नाही. ते विक्रीसाठीच्या प्रकल्पांसाठी आहे. मात्र पैसे घेऊन केलेलं घरबांधणीचं काम ही ‘सेवा’ आहे, असं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सांगतो. अर्धवट किंवा निकृष्ट कामाची तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून माहिती घेता येते. हजेरीवर लावलेल्या कामात मात्र मालक-मजूर असं नातं धरलं जातं, तिथे हा मार्ग अवघड.

आयोगात पहिला प्रश्न येतो, “ठरलं काय होतं?” तिथे शंभर पानी वही, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि फोटो बोलतात. स्टँप पेपर असेल तर उत्तम. नसला तरी साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर लिहिलेलं, तोंडी शब्दापेक्षा कधीही बरं.

काम देण्याआधी एवढं करा

- गुत्तेदाराने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं एक घर जाऊन बघा. नवं घर सगळंच चांगलं दिसतं.
- किमान दोन जणांकडून एकाच यादीवर दर घ्या.
- कामाची यादी, मालाची कंपनी, मोजण्याची पद्धत, मुदत आणि पैशाचे टप्पे लिहा.
- पाणी, वीज, राडारोडा आणि क्युरिंग कुणाकडे, ते लिहा.
- लग्नाची तारीख धरली असेल तर काम त्याआधी महिनाभर संपेल असं धरा.

वही दोन करा. एक घरात, एक गुत्तेदाराकडे. दोन्हीत एकच आकडा असला की पारावर भांडायची वेळ येत नाही.